गृहविज्ञान आणि मुलगे

अकरावीला गृहविज्ञान घेतो म्हणणाऱ्या मुलाकडे आपल्या घरांत अजूनही चमकून पाहतात. माझा भाचा उज्जैनला शिकतो. त्याने विषय काढला तर भाऊजी हसले, “भरतकाम करणार का?”

हा शिक्का जुना आहे. महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा अभ्यासक्रमात घरसंसाराचे विषय होते. मुलींना घरच्यांनी शिकू द्यावे, म्हणून त्या काळी ते गरजेचेही असेल. आज सीबीएसईत हा विषय मुलगे-मुली दोघांनाही खुला आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकाचे नाव ‘मानव पारिस्थितिकी एवं परिवार विज्ञान’. त्यात आहार, बालविकास, कापड, पैशांचे नियोजन, ग्राहक हक्क असे बरेच काही आहे. भाच्याने ते मावसबहिणीकडून आणून आधीच चाळले होते.

मागच्या सुट्टीत आम्ही राम घाटावर क्षिप्रेच्या आरतीला गेलो. भाऊजींनी पाण्याची बाटली घेतली. दुकानदाराने ‘थंड करण्याचे’ पाच रुपये जास्त मागितले. भाच्याने छापील किंमत दाखवली, “एमआरपीत सगळे कर आलेच, काका.” मग आमच्याकडे वळून म्हणाला, “आणि हे मिनरल वॉटर नाहीच. आयएस 14543 म्हणजे साधं शुद्ध केलेलं पाणी. मिनरल वॉटरवर 13428 असतं.” भाऊजी बाटली डोळ्यांजवळ धरून वाचत राहिले. बीईच्या चार वर्षांत मला हे कोणी शिकवले नाही (पगाराची स्लिप वाचायलासुद्धा नाही!).

इंजिनीअरिंगला जायचे असले तरी इंग्रजी आणि पीसीएमसोबत पाचवा विषय म्हणून गृहविज्ञान घेता येते. मात्र प्रत्येक शाळा तो शिकवत नाही. प्रवेशाआधीच विचारून घ्या.