रोब्लॉक्सवर गेम बनवणाऱ्याच्या हातात किती पडतं?
रोब्लॉक्सवर गेम बनवणाऱ्या मित्रांनो, हा हिशेब एकदा नीट बघा. तुमच्या गेममधला १०० रोबक्सचा पास कुणी घेतला की ७० तुमचे, ३० कंपनीचे. ऐकायला झकास! पण खरी गोम रोबक्सचे डॉलर करताना कळते. खेळणारा मोबाईलवर ४.९९ डॉलरला ४०० रोबक्स घेतो, म्हणजे त्या पासासाठी त्याचे सव्वा डॉलर जातात. तुमचे ७० रोबक्स मात्र ०.००३८ डॉलरच्या दराने जेमतेम २७ सेंटला वटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये दर साडेआठ टक्क्यांनी वाढला, तेव्हा कुठे इतके. अ‍ॅप स्टोअरचा वाटा, सर्व्हरचा खर्च सगळं मान्य, तरी मला हे कमीच वाटतं. आणि हो, कमाईचे ३०,००० रोबक्स साठल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत.