लव्हाळ्याची खरी ओळख फुला-फळांतच. पाने पाहून फसगत होण्याची शक्यता

बंगळुरू : बंगळुरूच्या तलावांच्या काठी, पाणथळ जागी आणि भातखाचरांत वाढणारा लव्हाळा गवतासारखा दिसत असला, तरी तो गवत नव्हे. मुस्ता कुलातील या वनस्पतींच्या जगभरात सुमारे ५,५०० जाती असून, त्यांची नेमकी ओळख फुले व फळे तपासल्यावरच पटते.

गवताचे खोड बहुधा गोल व पेरांदरम्यान पोकळ असते आणि पाने दोन रांगांत असतात. लव्हाळ्याचे खोड बहुधा त्रिकोणी व भरीव, तर पाने तीन रांगांत असतात. एवढ्यावरून कुल कळते; जाती मात्र कळत नाही.

लव्हाळ्याच्या फुलाला ठळक पाकळ्या नसतात. प्रत्येक सूक्ष्म फूल एका तुषाच्या बगलेत असते आणि अशा अनेक तुषांचे मिळून कणिशक बनते. नागरमोथ्याच्या सायपरस प्रजातीत तुष सहसा दोन रांगांत, तर फिम्ब्रिस्टायलिसमध्ये बहुधा सर्पिल रचनेत असतात. एलिओकॅरिसच्या पर्णहीन दांड्याच्या टोकाला एकच कणिशक येते.

त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन फळ पाहावे लागते. किंजल्क दोन असल्यास फळ बहुधा भिंगासारखे चपटे, तर तीन असल्यास तिधारी असते. फिम्ब्रिस्टायलिसमध्ये किंजलाचा फुगीर तळ गळून पडतो. एलिओकॅरिस व बल्बोस्टायलिसमध्ये तो फळावर टिकून राहतो. केरेक्सचे फळ पिशवीसारख्या आवरणात बंद असते.

या बारकाव्यांना व्यवहारातही महत्त्व आहे. केवळ गवतवर्गीय तणांसाठी असलेली काही तणनाशके लव्हाळ्यावर निष्प्रभ ठरतात. नागरमोथा वरवर उपटला, तर जमिनीतील गाठींतून तो पुन्हा फुटतो. तलावांच्या नोंदींत नाव चुकल्यास एखादी जाती तेथून नाहीशी झाल्याचेही लक्षात येत नाही.

त्यामुळे नमुना गोळा करताना पक्व फळे, फुलोऱ्याखालची पाने आणि जमिनीखालचा भाग सोबत घेणे आवश्यक असते. पडताळणीसाठी भारतीय विज्ञान संस्थेतील 'जेसीबी' वनस्पतिसंग्रहातील वाळवलेले नमुने, तसेच सेसिल साल्डाना व डॅन निकोल्सन यांचा हासन जिल्ह्यातील वनस्पतींवरील १९७६ चा ग्रंथ उपयोगी पडतो. पावसाळ्याच्या अखेरीस अनेक जातींवर फुले आणि पक्व फळे एकाच वेळी मिळतात. म्हणून निरीक्षणासाठी हा काळ सोयीचा ठरतो.