गीझर नवा, पण भिंतीतली वायर?

थंडीची चाहूल लागली की घरोघरी एक विषय हमखास निघतो, 'या वर्षी गीझर घेऊनच टाकू या!' दुकानात गेल्यावर आपण किती लिटरचा ते विचारतो, स्टार किती ते पाहतो, किमतीत घासाघीस करतो. बाथरूमच्या टाइल्सना शोभेल असा रंगही निवडतो. एक प्रश्न मात्र राहून जातो. आपल्या घरातलं वायरिंग या गीझरचा भार पेलेल का?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांचं वायरिंग त्या वेळच्या गरजेपुरतं होतं. चार ट्यूब, तीन पंखे, एक टीव्ही आणि फार तर फ्रिज. मग मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, इंडक्शनची शेगडी आली. वस्तू वाढत गेल्या, भिंतीतली वायर मात्र तीच राहिली. काही जुन्या घरांत तर अजून लाकडी पट्टीतली अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. तिचे जोड कालांतराने सैल होतात आणि सैल जोड तापतो.

थोडा हिशेब करू या. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. इस्त्री १००० वॅटची असेल तर ती साधारण सव्वाचार अँपिअर करंट ओढते. साठवणीचा गीझर बहुधा २००० वॅटचा असतो, तो ओढतो पावणेनऊ अँपिअर. तीन लिटरचा झटपट गीझर ३००० वॅटचा असेल तर तेरा अँपिअर! आणि आपला नेहमीचा छोटा प्लग असतो सहा अँपिअरचा, म्हणजे जेमतेम चौदाशे वॅटपर्यंतचा. म्हणून गीझरला सोळा अँपिअरचा मोठा पॉवर प्लगच हवा. पण नुसता प्लग बदलून भागत नाही. त्याच्यामागची वायर बारीकच राहिली तर काय उपयोग? करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. ती भिंतीच्या आत होते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

या पॉइंटसाठी मेन बोर्डापासून थेट वेगळी तांब्याची वायर ओढून घ्यावी. ती अडीच एमएमपेक्षा बारीक नको. अंतर लांब असेल, ३००० वॅटचा गीझर किंवा एसी असेल तर चार एमएमची घ्यावी. हा आकडा आणि आयएसआयची खूण वायरीवरच छापलेली असते. वायरमनला 'जरा दाखवा हो' म्हणायला संकोच कशाला?

अर्थिंग आहे का, की नुसतीच हिरवी वायर?

प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग लावताना ती आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. खारट किंवा जड पाण्याने गीझरची कॉइल गंजते, फुटते आणि करंट पाण्यात, टाकीत उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर नळाला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. ओलं अंग, ओली फरशी... पुढचं सांगायला नकोच. नळाला हात लावल्यावर बारीकशा झिणझिण्या येत असतील तर 'जुना गीझर आहे, चालायचंच' म्हणू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

बऱ्याच घरांत बोर्डाला हिरवी वायर असते, पण तिचं दुसरं टोक कुठेच गेलेलं नसतं. कुणी ती नळाच्या पाइपला बांधतो. पुढे पाइप प्लॅस्टिकचा झाला की अर्थिंग संपलं. कुणी प्लगमध्येच अर्थिंग आणि न्यूट्रल एकत्र जोडतो. हे तर फारच घातक, कारण न्यूट्रल तुटली की गीझरच्या पत्र्यातच करंट येतो. खरं अर्थिंग जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत जायला हवं. कोळसा आणि मीठ घातलेला जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावं.

अर्थिंग तपासताना वायरमन फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून पाहतो. बल्ब लख्ख पेटायला हवा. मिणमिणला तर अर्थिंग कमजोर आहे. ईएलसीबी बसवलेला असेल तर बल्ब लावताच तोच खाली पडतो. हा प्रयोग आपण मात्र करायचा नाही.

एमसीबी वेगळा, ईएलसीबी वेगळा

एमसीबी वायरीला जपतो, ईएलसीबी माणसाला. भार वाढला की एमसीबी पडतो. तो वारंवार पडतो म्हणून 'मोठा टाकून देतो, वहिनी' असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. मोठा एमसीबी पडणार नाही, पण मग वायर जळेल. फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं हाही तोच प्रकार. गीझरच्या पॉइंटला १६ अँपिअरचा एमसीबी पुरतो.

करंट गळतोय हे ओळखायचं काम ईएलसीबीचं. आता दुकानात तो आरसीसीबी नावाने मिळतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा मागावा. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटन असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. लगेच वीज गेली तर तो शाबूत आहे.

आणखी एक काम आपण घरबसल्या करू शकतो. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो पाहा. तो एक किलोवॅट असेल आणि नुसता गीझरच दोन किलोवॅटचा असेल तर भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करा.

मैत्रिणींनो, वायरमन येतो तेव्हा घरात बहुतेक वेळा आपणच असतो. 'काही होत नाही हो ताई, सगळीकडे असंच चालतं' हे ऐकून गप्प बसू नका. शासनाचा परवाना असलेल्या वायरमनलाच बोलवा. जुन्या वायरिंगची मेगर टेस्ट करून घ्या. भिंतीतल्या वायरीचं आवरण कितपत टिकून आहे, ते त्यावरून कळतं. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाशी बोलून घ्या.

हे लक्षात ठेवा

* प्लग गरम लागतो, भोकं काळी पडलीत, जळका वास येतो? वापर लगेच थांबवा.
* तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापू नका.
* गीझरला एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको.
* गीझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर असावा. पाणी तापलं की बंद करूनच आंघोळीला जावं.
* गीझरच्या खरेदीतच वायर, एमसीबी आणि अर्थिंगचा खर्च धरा. एखादा स्टार कमी घेतला तरी चालेल, अर्थिंगशिवाय नाही.