हुकूम एकाचा, दगड सगळ्यांचे

मंडळी, पेठमध्ये बसून देहदंडावर बोलायचं तर आधी घरचीच आठवण निघते. १८५७ च्या उठावानंतर पेठचे भगवंतराव राजे यांना इंग्रजांनी फासावर चढवलं. त्यावर कुणाला हसू येणार नाही, यायलाही नको. मग देहदंडावर विनोदी सिनेमा काढतात तो कसा?

१९७२ सालचा जॉन ह्यूस्टनचा 'द लाइफ अँड टाइम्स ऑफ जज रॉय बीन' घ्या. पॉल न्यूमन दारूच्या गुत्त्यात कोर्ट भरवतो आणि माणसं लटकवतो. आपण हसतो ते मरणाऱ्याला नाही. स्वतःच स्वतःला नेमलेल्या न्यायाधीशाचा तोरा बघून हसतो.

त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आलं. आमच्या मते आपल्याकडचा खरा जोडीदार हाच. १९७६ मध्ये त्याचा सिनेमा झाला, पटकथा तेंडुलकरांचीच. पुण्याच्या चित्रपट संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' ही सहकारी संस्था काढून तो केला. नाना मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. पुढे बरीच वर्षं तो बघायलाच मिळेना. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत एक प्रत टिकली म्हणून वाचला. चाहते थोडे, पण चिवट!

गोष्ट अशी. कनोजचा घाशीराम पुण्यात अपमानित होतो, पोटची मुलगी नानाला देतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग सूड. चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवतात, तो प्रसंग नाटकात जरूर बघा. आधीच्या नाचगाण्यात आपला पाय ठेक्यावर हललेला असतो. तो थांबवायचा कधी, तेच कळत नाही.

इतिहासातला घाशीराम ऑगस्ट १७९१ मध्ये मेला. त्याच्या कोठडीत कोंडलेले वीसहून अधिक तैलंगी ब्राह्मण गुदमरून गेले होते, म्हणजे अपराध खराच आणि भयंकर. पण रीतसर फाशी झाली नाही. जमाव हटेना, तेव्हा नाना फडणवीसांनी त्याला लोकांच्या हवाली केलं. धिंड निघाली आणि दगडांनी ठेचून मारलं.

आता गंमत बघा, गंमत म्हणावी तर. नाटकावर वादळ उठलं, एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबलं, ते नानांची बदनामी झाली म्हणून. एका माणसाला जमावाच्या हाती दिलं, याबद्दल फारसं कुणी भांडलं नाही. बीनकडे निदान कायद्याचं एक पुस्तक तरी होतं!

तेंडुलकरांचा नाना हुकमावर सही करतो. ज्याला त्यानेच खुर्चीवर बसवलं, त्याचाच हुकूम. लोक दगड मारतात, घाशीराम पडतो. मग नाना गर्दीसमोर येऊन तीन दिवस उत्सव जाहीर करतो, आणि मघाशी नाचणारी तीच मंडळी पुन्हा नाचायला लागतात.