एनएमएमएस : पास झालं म्हणजे पैसे आले असं नाही!
निघोजे (ता. खेड) : चाकण एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या आई-वडिलांच्या मुलांना आठवीतली एनएमएमएस परीक्षा मोठा आधार आहे. नववी ते बारावी, वर्षाला १२ हजार रुपये. मूल सरकारी, झेडपी किंवा अनुदानित शाळेत हवं, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे ९० प्रश्नांचे दोन पेपर असतात.

पण नुसतं पास होऊन भागत नाही, निवड यादीत नाव लागतं. नाव आल्यावरही नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, पुढे दरवर्षी नूतनीकरण करायचं. अर्ज राहिला की हुशार पोराचे पैसे बुडाले. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा.