जेहान दारूवालाच्या चार शर्यती

काशिमिऱ्याच्या सिग्नलला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडणाऱ्या आम्हा मिरा-भाईंदरकरांना फॉर्म्युला वन भेटते ती टीव्हीवरच. खरा ट्रॅक बघायचा तर चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठा. अशा मुंबई पट्ट्यातल्या एका पोराने, फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या, फॉर्म्युला टूच्या चार शर्यती मारल्या, आणि आपल्याकडे त्याची चर्चा मात्र क्रिकेटच्या राखीव खेळाडूइतकीही झाली नाही.

जेहान दारूवाला, जन्म १ ऑक्टोबर १९९८. सुरुवात कार्टिंगने, गुरू रायोमंद बनाजी. २०११ मध्ये फोर्स इंडिया या एफ-वन संघाने देशभरातून मुलं निवडली, त्यांत हा होता. मग युरोप. २०१९ ला प्रेमा संघाकडून फॉर्म्युला थ्रीमध्ये दोन विजय आणि तिसरा क्रमांक. पुढचे दोघे, श्वार्ट्झमन आणि आर्मस्ट्राँग, त्याच्याच संघातले.

खरी गोष्ट २०२० पासून सुरू होते. तो रेड बुलच्या ज्युनियर तुकडीत आला, फॉर्म्युला टूच्या कार्लिन संघात जोडीला युकी त्सुनोडा. डिसेंबरात साखीरला जेहानने स्प्रिंट शर्यत जिंकली. फॉर्म्युला टू जिंकणारा पहिला भारतीय! त्याच दिवशी मिक शूमाखरने अजिंक्यपद पक्कं केलं आणि बातमी तिकडे वळली. पण मोसमअखेर त्सुनोडा तिसरा, जेहान बारावा. त्सुनोडाला पुढच्याच वर्षी एफ-वनची सीट मिळाली.

२०२१ ला मोन्झा आणि अबू धाबी जिंकून सातवा. २०२२ ला पुन्हा प्रेमा, पुन्हा सातवा. मात्र त्या वर्षीच्या मोन्झाचा विजय मला सगळ्यांत वजनदार वाटतो. आधीचे तिन्ही स्प्रिंटमधले, जिथे पुढच्यांची ग्रिड उलटी लावतात. मोन्झाची ती फीचर शर्यत होती: लांब पल्ला, सक्तीचा टायरबदल, पिट स्टॉपचं गणित आणि ग्रिड पात्रता फेरीत कमावलेली.

त्याच वर्षी जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनची एफ-वन गाडी त्याने चालवली. एफ-वनमध्ये उतरायला लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी एफ-वन गाडीत ३०० किलोमीटर लागतात, शिवाय ४० गुण. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना ४०, सातव्याला फक्त ८. दोनदा सातवं येणं किती महाग पडतं, ते यातच आलं.

तरी सगळा दोष गुणांच्या माथी मारायला मी तयार नाही. २०२२ चा विजेता फेलिपे ड्रुगोविच, त्यालाही एफ-वनची सीट मिळाली नाही, राखीव चालकाचं काम पदरात पडलं. तेव्हा मोजून वीस जागा होत्या आणि त्यासुद्धा बहुतेक आधीच भरलेल्या. त्या विजेत्याच्या एमपी मोटरस्पोर्ट संघात जेहान २०२३ ला गेला, पण एकही शर्यत जिंकता आली नाही, अकरावा आला. २०२४ च्या जानेवारीत मेक्सिको सिटीला मासेराटीकडून तो विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ईमध्ये उतरला. तो मोसम कोरडाच गेला म्हणायचा, आणि पुढच्या वर्षी मासेराटीने दुसरे चालक घेतले.