काळ्या टाकीत काय ओतावं?

चाकांवरचं बिऱ्हाड : लेखांक ७

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या कॅम्पग्राउंडच्या फाटकाजवळ गेलात तर आर.व्हीं.ची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, रांग दिसेल, जत्रा उठल्यावर एस.टी. स्टँडवर दिसावी तशी. ही सगळी मंडळी घरी जाण्याआधी मोकळी व्हायला थांबलेली असतात. उतार दिलेला सिमेंटचा चौथरा, मधोमध झाकणाचं भोक, शेजारी एक नळ आणि 'हे पाणी पिऊ नये' अशी पाटी. याला डम्प स्टेशन म्हणतात. चार-आठ दिवस ज्या घरात जेवलो, झोपलो, पत्ते खेळलो, त्या घराच्या पोटात साचलेलं सगळं इथे ओतायचं आणि रस्त्याला लागायचं. एरवी शेजाऱ्याशी तासन्‌तास गप्पा मारणारी माणसं इथे कमालीची अबोल होतात. कुणाच्या नळीतून काय आणि कसं चाललंय, हे न बघितल्यासारखं करून सगळे बघत असतात.

गेल्या आठवड्यात पिण्याच्या पाण्याची टाकी पाहिली. आज तिच्या दोन बहिणी. भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी साठवते ती करडी टाकी, आणि संडासाखालची ती काळी. रंग टाकीचा नव्हे, आतल्या ऐवजाचा. मध्यम ट्रेलरमध्ये या टाक्या साधारण ३० ते ४० गॅलनच्या, म्हणजे ११५ ते १५० लिटरच्या असतात. आकाराने पसरट, आडव्या ठेवलेल्या जुन्या सुटकेसीसारख्या. प्रत्येकीला एक सरकती झडप असते. ती ओढली की खालच्या नळीतून माल बाहेर.

प्रश्न जुना आहे. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने 'टूरिंग लँडाउ' नावाची प्रवासी गाडी मांडली होती. मागचं आसन उघडलं की बिछाना व्हायचा, हात धुवायला बेसिन होतं आणि रात्रीच्या सोयीसाठी एक भांडं. त्या भांड्याची पुढे टाकी झाली. भांडं मात्र रोज डोळ्यांना दिसायचं आणि रोज घासलं जायचं. टाकी दिसत नाही, त्यामुळे ती घासायची असते हे कुणाच्या ध्यानातच राहत नाही.

माझ्या मावसभावाचा फिनिक्सजवळ असा २७ फुटी ट्रेलर आहे. गाडी चालवणं दादाकडे, टाक्यांचं खातं वहिनींकडे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर निघालो तेव्हा संडासात पाण्याची काटकसर करून मी फार शहाणपणा केला, असं मला वाटलं होतं. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला पाणी वाचवलं की पुण्य लागल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी हाक मारली. "भाऊजी, तुम्ही पाणी वाचवताय ना? वाचवू नका. ते पॅडल पायाने दाबून धरायचं आणि मनातल्या मनात दहा मोजायचे."

त्या एका वाक्यात या विषयाचा निम्मा भाग आला. अमेरिकेतल्या घरांत १९९४ पासून नव्या कमोडला दर वेळी १.६ गॅलनची, म्हणजे सुमारे सहा लिटरची मर्यादा आहे, आणि त्या सहा लिटरना पुढे लांबच लांब उतरती नळी मिळते. आर.व्ही.च्या कमोडमध्ये पाणी सहज लिटरभरावर भागतं, आणि खाली उतार नाही, प्रवाह नाही. सपाट तळाची टाकी. पाणी कमी पडलं की घनपदार्थ पडल्या जागी बसतात, कागद त्यांना चिकटतो, वरून आणखी थर येतो आणि बरोबर कमोडच्या नळीखाली ढीग उभा राहतो. तिकडचे लोक त्याला पिरॅमिड म्हणतात. मला वारूळ जास्त पटतं.

वारूळ घडवण्याची हमखास युक्ती म्हणजे झडप उघडी ठेवणं. काही जागी थेट सांडपाण्याची जोडणी मिळते. यलोस्टोन उद्यानात तशी सोय फक्त फिशिंग ब्रिजच्या आर.व्ही. पार्कात आहे. जोडणी मिळाली की नवखा माणूस खूश होऊन काळ्या टाकीची झडप उघडून ठेवतो: घरासारखं आपोआप वाहून जाऊ दे. वाहून जातं ते पाणी. बाकीचं मागे राहून सुकतं. म्हणून झडप बंद, टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. पाण्याच्या लोंढ्यानेच तळ धुतला जातो. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाचं पाणी जाता जाता नळी धुऊन नेतं. रिकामी झाल्यावर काळ्या टाकीत लगेच सात-आठ लिटर पाणी घालून ठेवायचं, तळ बुडेल इतकं. दुधाचं पातेलं वापरण्याआधी आपण पाण्याने विसळून घेतो ना, तसं.

आता बटवा उघडू. टाकीसाठीच्या औषधांच्या बाटल्यांनी आर.व्ही.च्या दुकानात एक अख्खी भिंत भरलेली असते. त्या महाग पडतात, म्हणून अनुभवी मंडळींनी घरातल्याच डब्यांतून आपला आजीबाईचा बटवा तयार केला आहे. त्यातलं काही खरोखर चालतं, काही नुसतं समाधान देतं आणि एक-दोन गोष्टी जिवावर बेतू शकतात.

सगळ्यांत प्रसिद्ध जोडी पाणी सुफेन करण्याची पावडर आणि कपडे धुण्याचा साबण यांची. तिला 'जिओ मेथड' म्हणतात. आपल्या मोबाइलवाल्या जिओशी संबंध नाही. पावडर बहुधा कॅल्गॉन. हे नाव वाचून ज्यांना अकरावीचं रसायनशास्त्र आठवलं, त्यांचं बरोबर आहे. दुष्फेन पाणी सुफेन करण्याच्या पद्धतींमध्ये कॅल्गॉन पद्धत असायची, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटची. 'कॅल्शियम गॉन' म्हणजे कॅल्शियम गेलं, त्याचं झालं कॅल्गॉन. अमेरिकेत आज मिळणाऱ्या डब्यात ते फॉस्फेट राहिलेलं नाही, पण पाण्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवण्याचं काम तेच.

टाकीत त्याचा उपयोग काय? बोअरच्या पाण्याने डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हा अनुभव आपल्याकडे गावोगाव आहे. अ‍ॅरिझोनाचं पाणीही तसंच जड. त्यातले क्षार आणि लघवीतले फॉस्फेट मिळून टाकीच्या भिंतींवर खरखरीत थर बसवतात, गिझरच्या कॉइलवर बसतो त्याचा भाऊ. त्या खरखरीत थराला कागद आणि मैला घट्ट धरतात. पावडरीने कॅल्शियम अडकवलं की साबण वाया न जाता चिकट भागावर काम करतो. वहिनींचं माप असं: रिकाम्या टाकीत कपभर पावडर कोमट पाण्यात विरघळवून ओतायची, वर अर्धा कप द्रव साबण आणि बादलीभर पाणी. मग तिथून निघायचं. रस्त्यावरचे खड्डे घुसळण्याचं काम करतात. या मिश्रणाने भिंती इतक्या गुळगुळीत होतात की पुन्हा काही चिकटतच नाही, असा या पंथाच्या भक्तांचा दावा असतो. तो मला अतिशयोक्त वाटतो. साबण पुढच्याच खेपेला वाहून जातो, त्याचा थर टाकीत राहील कसा? पण दर खेपेला घातलं तर टाकी स्वच्छ राहते, हे मी पाहिलं आहे. स्वस्तही पडतं.

व्हिनेगरबद्दल थोडक्यात. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं आणि ते क्षार विरघळवतं, हे खरं. पण दीडशे लिटरच्या भरल्या टाकीत त्याची एक बाटली ओतणं म्हणजे विहिरीत लिंबू पिळणं. त्याची खरी जागा कमोडच्या तळाशी, झडपेच्या कडेला, जिथे पांढरी खपली धरते. तिथे व्हिनेगरमध्ये भिजवलेला कागद रात्रभर ठेवला की खपली सुटते. खायचा सोडा सिंकच्या नळीतला आंबट वास मारतो. दोन्ही एकत्र ओतून जो फेस उसळतो तो बघायला मोठा छान, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून उरतं ते जवळजवळ खारं पाणीच.

बर्फाची गोष्ट तर मीच केली आहे. कमोडमधून दोन पिशव्या बर्फ टाकीत सोडायचा आणि घाटातून गाडी न्यायची. खडे आपटून आपटून भिंती खरवडतात, अशी समजूत. तळमजल्यावर कुणीतरी भांडी आपटत असावं तसा आवाज ऐकून मी खूश झालो होतो. दादाने फक्त विचारलं, "बर्फ पाण्यात बुडतो की तरंगतो रे?" घाण तळाशी, बर्फ वर. आणि मेमधल्या अ‍ॅरिझोनात तो अर्धा तासही टिकला नसेल.

यीस्ट टाकणारेही आहेत. यीस्टला हवी असते साखर. टाकीत यीस्टच्या पोटाचं फारसं काही नाही. जिवाणूंच्या आणि विकरांच्या पुड्यांचं थोडं वेगळं आहे. त्या सेप्टिक टाकीत उपयोगी पडू शकतात, इथे मात्र त्यांना वेळ मिळत नाही. आपल्याकडच्या गोबर गॅसच्या टाकीत शेण मुरायला महिना-दीड महिना लागतो. आर.व्ही.ची टाकी आठवड्याला रिकामी होते. जिवाणू जेमतेम पाटावर बसतात तोच ताट उचललं जातं. कागद सुटायला आणि वास थोडा कमी व्हायला त्यांची मदत होते, थंडीत तीही कमी. ही टाकी पचवणारी नाही, नुसती सांभाळणारी आहे. पचन पुढे कुठेतरी होतं, शहराच्या केंद्रात किंवा कॅम्पग्राउंडच्या सेप्टिक टाकीत आणि शोषखड्ड्यात.

आणि म्हणूनच ब्लीचवर माझा राग आहे. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत त्याची जागा आहे. दर १५ गॅलनला पाव कप, काही तास ठेवून, मग खळखळून धुणं, हे मागच्या लेखात आलंच. काळ्या टाकीत ओतलं तर ते पुढच्या सेप्टिक टाकीतले पचन करणारे जिवाणू मारतं आणि झडपांची रबरं कडक करतं. त्याहून वाईट म्हणजे टाकीत लघवीतला अमोनिया असतो. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइन वायू होतो, छातीत जळजळ करणारा. कमोड घासायच्या आम्लात किंवा व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळलं तर थेट क्लोरीन. आर.व्ही.चा संडास कपाटाएवढा, खिडकी बशीएवढी. तिथे हे प्रयोग नकोत.

दुकानातली औषधं तरी निर्धोक का? जुन्या निळ्या द्रवांमध्ये फॉर्माल्डिहाइड असायचं, शवागारात वापरतात तेच. वास जायचा, कारण टाकीतलं सगळं जिवंत मरायचं, आणि पुढे सेप्टिक टाकीतलंही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सल्ल्यात फॉर्माल्डिहाइड, पॅराफॉर्माल्डिहाइड, ग्लुटाराल्डिहाइड, ब्रोनोपॉल आणि पॅराडायक्लोरोबेंझिन असलेली औषधं टाळा, असं नावानिशी आहे. शेवटचं आपल्या ओळखीचं: मुताऱ्यांत ठेवतात त्या पांढऱ्या गोळ्या.

वासाचं मूळ पुष्कळदा टाकीत नसतंच. कमोडच्या तळाशी बोटभर पाणी उभं राहिलं पाहिजे. झडपेचं रबर झिजलं की ते उतरतं आणि वायूला वाट मिळते. संडासातला पंखा चालू ठेवून फ्लश केलं तर टाकीतली हवा छपराच्या नळीने वर जायच्या ऐवजी आत ओढली जाते. बरेच लोक नेमकं हेच करतात आणि मग औषधाची जास्तीची बाटली ओततात. करड्या टाकीचा वास तर काळीपेक्षाही नकोसा असू शकतो, कारण तिच्यात तूप-तेल, भाताची शितं, दाळीचा गाळ जाऊन आंबतो. वहिनी ताटं आधी कागदाने पुसतात आणि तळणीचं तेल डब्यात भरून कचऱ्यात टाकतात. बाकी काम भांड्यांच्या साबणाचं.

अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात हजारो बिऱ्हाडं नळाशिवाय उतरलेली असतात. तिथे दहा मोजेपर्यंत पॅडल दाबायला पाणी आणायचं कुठून? भांडी विसळलेलं पाणी ती मंडळी टबात धरतात आणि बादलीने कमोडमध्ये ओततात. करडी टाकी उशिरा भरते आणि काळीला पाणी मिळतं. हे बघून मला आमच्या घरची मोरीतली बादली आठवली. अंघोळीचं पाणी धरून संडासात वापरायची.

वारूळ झालंच असेल तर काठी किंवा तार घालू नये. टाकी प्लास्टिकची असते. झडप बंद करून टाकी पाण्याने जवळजवळ भरायची, साबण आणि पावडर घालायची, दोन दिवस मुरू द्यायचं, थोडं फिरवून सोडायचं. एका खेपेत सुटलं नाही तर पुन्हा. गरम पाणी चालेल, उकळतं नको.

कागदाची परीक्षा वहिनी बरणीत घेतात. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी, त्यात दोन तुकडे, झाकण लावून खळखळ हलवायचं. लगद्यासारखं झालं तर तो कागद घरात, चिंध्या दिसल्या तर दुकानात परत. 'आर.व्ही.साठी खास' असं छापलेलं महाग बंडल घ्यायलाच हवं असं नाही. साधा एकपदरी कागदही कित्येकदा पास होतो.

एवढं सगळं करूनही त्यांच्या ट्रेलरमधल्या पॅनेलवर काळ्या टाकीचा दिवा कायम दोन-तृतीयांश दाखवतो. टाकीच्या भिंतीला लावलेल्या, पातळी मोजणाऱ्या खिळ्यांवर कधीतरी कागदाचा कपटा चिकटला असणार. दादा त्या दिव्याकडे बघतही नाही. पॅडल दाबलं की खालून येणारा आवाज तो ऐकतो: पोकळ आला तर अजून जागा आहे, गुडगुड करून बुडबुडा वर आला तर उद्या सकाळी रांगेत उभं राहायचं.